एकदा मंजूर झालेला खर्च रद्द कसा करतात? (मदत हवी आहे, तातडीने)

घाईत_आहे: सकाळी टिपण द्यायचंय. सभागृहाने मंजूर केलेला पैसा नंतर रद्द करता येतो का? ते ४५ दिवसांचं काय गणित आहे? लिंका नकोत, वाचायला वेळ नाही.

निवृत्त_लेखनिक: कपात सूचना! धोरण कपातीत खर्चाची मागणी १ रुपयावर आणतात, सांकेतिक कपातीत १०० रुपये कमी करतात. परीक्षेत हमखास येतं.

मुद्देसूद: काका, ती मंजुरीच्या आधीची भानगड. विनियोजन विधेयक (खर्चाला अंतिम मंजुरी देणारं) पास झाल्यावर तिचा काय उपयोग? धागाकर्ते, देश कोणता?

घाईत_आहे: ४५ दिवस म्हटलं ना. अमेरिका!

मुद्देसूद: आम्ही काय मनकवडे आहोत? असो. राष्ट्राध्यक्ष निक्सनने मंजूर निधी अडवून धरला, म्हणून १९७४ चा कायदा आला. राष्ट्राध्यक्ष रद्द करायचा प्रस्ताव धाडतो आणि तोवर पैसा रोखून धरू शकतो. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कामकाजाचे ४५ दिवस मोजायचे. ३ दिवसांहून मोठी सुट्टी धरत नाहीत. सिनेटमध्ये (वरिष्ठ सभागृहात) एरवीसारखी ६० मतं लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. तरी २०१८ मध्ये सुमारे १५ अब्ज डॉलरचा प्रस्ताव सिनेटमध्ये आपटला. जुलै २०२५ मध्ये ९ अब्जांचा पास झाला: परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारण.

शंकासुर: कागदावर छान. ऑगस्ट २०२५ मध्ये ४.९ अब्जांचा प्रस्ताव मुद्दाम उशिरा धाडला. ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपलं की निधीची मुदतच जाते. मतदान कशाला हवं?

मुद्देसूद: त्यांचं लेखापरीक्षण कार्यालय त्याला बेकायदा म्हणतं.

शंकासुर: म्हणू दे. सर्वोच्च न्यायालयाने तूर्त निधी अडवू दिला की नाही?

उपाय_एकच: राष्ट्राध्यक्षाला एकेक कलम खोडायचा अधिकार द्या, विषय संपला.

मुद्देसूद: दिला होता, १९९६ मध्ये. १९९८ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. आणि हे विचारलंय कोणी? मूळ प्रश्नाचं उत्तर वेगळंच आहे: काँग्रेसला या ४५ दिवसांची गरजच नाही. साधा कायदा करून ती शिल्लक निधी केव्हाही काढून घेते. २०२३ मध्ये कर्जमर्यादेच्या तडजोडीत कोविडचा न वापरलेला निधी असाच रद्द झाला.

निवृत्त_लेखनिक: आमच्याकडे भारतात शिल्लक ३१ मार्चला आपोआप व्यपगत, म्हणजे मुदत संपून रद्द. त्या रात्री ट्रेझरीत बिलांचे गठ्ठे बघायला हवे होते तुम्ही!

घाईत_आहे: म्हणजे ४५ दिवसांत मतदान नाही झालं तर पैसा रद्द. लिहितो.

मुद्देसूद: अहो उलट! मतदान नाही झालं तर पैसा मोकळा करावा लागतो!