डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात: घरच्या घरी तुम्हाला कशाने बरं वाटलं?

गेली दोन वर्षं मी या दुखण्यात आहे. कुणाला सांगितलं की लगेच उपाय मिळतो, पण सांगणाऱ्याने तो स्वतः केलेला नसतो. म्हणून हा धागा. इथे फक्त केलेलं लिहा. उपयोग झाला नाही तेही लिहा, आणि त्रास झाला असेल तर ते सगळ्यात आधी लिहा.

माझं असं. पुण्यात मुद्रितशोधनाचं काम करते, वय ४७. दिवाळी अंकांच्या दिवसांत रोज दहा-अकरा तास स्क्रीनसमोर असते. दुपारी चारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, अक्षरं पुसट व्हायची, डोळे मिटून उघडले की क्षणभर साफ दिसायचं. वर पाणीही वाहायचं. पाणी वाहतंय तर डोळे कोरडे कसे असतील, या समजुतीत वर्ष गेलं आणि दोनदा चष्मा बदलून झाला.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवून पाहिली. ती चांगली भिजली, म्हणजे अश्रू पुरेसे होते. मग त्यांनी पापणीची कड हलकेच दाबली. तिथे ओळीने बारीक तेलग्रंथी असतात. त्यांतून खाद्यतेलासारखं पातळ तेल यायला हवं, माझं टूथपेस्टसारखं घट्ट येत होतं. अश्रूंवर हा तेलाचा पातळ थर नसला की ते भराभर उडून जातात, डोळा उघडा पडतो, चिडतो आणि आणखी पाणी सोडतो. तेही टिकत नाही.

त्यांनी सांगितला तो शेक, आणि मला खरा गुण त्याचाच आला. पण तो नीट करावा लागतो. पहिले दहा दिवस मी एकदाच रुमाल भिजवून डोळ्यांवर ठेवत होते. ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, आतलं घट्ट तेल काही वितळत नाही. आता थर्मासमध्ये गरम पाणी आणि दोन सुती रुमाल घेऊन बसते. एक डोळ्यांवर, दुसरा पाण्यात, आलटून पालटून आठ-दहा मिनिटं. त्यानंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, पापण्यांच्या केसांकडे, अगदी हलक्या हाताने निपटायची. डोळ्याचं बुबुळ दाबायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की उठल्यावर डोळे चोळले नाहीत. गणपतीत आठवडाभर शेक राहिला तर खुपणं परत आलं. म्हणजे हे दात घासण्यासारखं रोजचं आहे.

कोल्हापूर

त्रास आधी लिहा म्हणालात म्हणून मी लिहिते. गुलाबपाणी. आमच्याकडे लहानपणापासून डोळे आले, लाल झाले, थकले की गुलाबपाण्याचे दोन थेंब. मीही रोज रात्री घालत होते, किराणा दुकानातली बाटली. घातलं की गार वाटायचं, म्हणून गुण येतोय असं वाटायचं. तीन महिन्यांत डोळे कायमचे लाल झाले आणि उजेड सहन होईना. डॉक्टरांनी बाटली आणायला सांगितली आणि वाचून दाखवलं: त्यात सुगंध आणि टिकवणारी द्रव्यं होती. जी बाटली चेहऱ्यासाठी असते ती डोळ्यासाठी निर्जंतुक केलेली नसते.

त्याआधी एरंडेलही घालून पाहिलं होतं. काही तयार थेंबांत एरंडेल असतं हे खरं, पण ते शुद्ध आणि निर्जंतुक केलेलं. घाण्यावरचं तेल डोळ्यात घातल्यावर रात्रभर चिकट आणि सकाळी चिपडं. आता मध, तूप, तुळशीचा रस, त्रिफळ्याचं पाणी, कुणी काहीही सांगो, डोळ्याच्या आत मी काही घालत नाही. डोळे मिटून वर गार पाण्याच्या कापसाच्या घड्या ठेवते. जळजळ तेवढ्यानेच थांबते.

ठाणे

काकडीच्या चकत्यांचं तेच. गार वाटतं, तासाभराने मूळ पदावर.

अकोला

आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश. कूलर बंद करा म्हणणं शक्य नाही. माझी खाट कूलरच्या अगदी समोर होती आणि सकाळी डोळे उघडताना पापणी बुबुळाला चिकटल्यासारखी वाटायची, ओढल्यासारखं दुखायचं. बायको म्हणाली, तुम्ही झोपता तेव्हा डोळ्यांची फट राहते. तिने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या आणि रात्रभर त्या फटीवर वारा.

खाट फिरवली, पाय कूलरकडे केले. वरचा पंखाही थेट डोक्यावर येणार नाही अशी जागा केली. चार रात्रींत फरक. एक पैसा लागला नाही. फट राहते हे कळल्यावर डॉक्टरांनी रात्री लावायचं वंगणासारखं मलमही दिलं, उन्हाळ्यात ते लावतो.

दुसरं, दुचाकी. उन्हात हेल्मेटची काच वर करून गाडी चालवायची सवय होती. आता काच खाली, आणि बाजूने बंद असलेला साधा चष्मा. आमच्या शेजारी हरभऱ्याच्या मळणीला जाणारे सगळे असाच चष्मा लावू लागले आहेत.

पुणे, धागा काढणारी

दादा, फोटोची कल्पना फार उपयोगाची. मीही घरी काढायला सांगते.

मिनियापोलिस

आमच्याकडे उलट, थंडी. जानेवारीत बाहेर उणे २० आणि घरात चोवीस तास हीटिंग. बाहेरची हवा गोठलेली, तिच्यात बाष्प जवळजवळ नसतंच, तीच तापवून घरात फिरते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं तर बैठकीच्या खोलीत १८ टक्के. झोपायच्या खोलीत वाफाऱ्याचं यंत्र लावून ४० पर्यंत आणली, तेव्हा आईचे डोळे शांत झाले. ती मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि पहिल्याच आठवड्यात रडवेली झाली होती. यंत्रातलं पाणी रोज बदलायचं, टाकी घासायची, नाहीतर बुरशी धरते. गाडीतला गरम झोत तोंडाकडे न ठेवता पायांकडे वळवा, हेही करून बघा.

नवी मुंबई, आयटी

वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं, हे मी प्रामाणिकपणे केलं. डोळ्यांचा ताण कमी झाला, कोरडेपणा फारसा नाही. मग बहिणीला शेजारी बसवून पापण्या मोजायला लावल्या. गप्पा मारताना मिनिटाला १७ वेळा, कोड वाचताना ६ वेळा. त्या सहांतल्या निम्म्या अर्धवट, वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नव्हती. पापणी टेकली तरच ग्रंथीतलं तेल बाहेर येतं आणि डोळ्यावर पसरतं, हे मला माहीतच नव्हतं.

आता स्क्रीनच्या कोपऱ्यात एक हिरवी टिकली चिकटवली आहे. ती दिसली की डोळे मिटायचे, दोन आकडे मोजायचे, हलकेच आवळायचे, उघडायचे. असं पाच वेळा. स्क्रीनही खाली आणली. नजर वर असली की डोळा जास्त उघडा राहतो, खाली असली की पापणी अर्धा भाग झाकते. लेन्स आठवड्यातून दोनच दिवस. महिनाभर लागला, पण दिवसाला सहा वेळा थेंब घालत होतो ते आता एकदा.

जळगाव

जवसाबद्दल कुणी लिहिलं नाही. मी वर्षभर रोज दोन चमचे जवसाची चटणी खाल्ली, ओमेगा-३ साठी. डोळ्यांत फरक मला जाणवला नाही. नंतर वाचलं की अमेरिकेत ५३५ रुग्णांवर मोठी चाचणी झाली होती, निकाल २०१८ साली आले. एका गटाला रोज ३००० मिलिग्रॅम माशाच्या तेलातलं ओमेगा-३ आणि दुसऱ्याला ऑलिव्ह तेल. वर्षाअखेर दोन्ही गटांना जवळपास सारखंच बरं वाटलं. चटणी चांगली आहे, खावी. डोळ्यांसाठी म्हणून महागड्या कॅप्सूल मात्र मी बंद केल्या.

सांगली

शिंकांसाठी रोज सेटिरिझिन घेत होते. डॉक्टरांना विचारून बंद केलं आणि कोरडेपणा निम्मा झाला. चालू गोळ्यांची यादी डोळ्यांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा.

सातारा

वडिलांसाठी लिहितो आहे. डोळे लाल म्हणून औषधाच्या दुकानातून मिळालेले थेंब ते वर्षभर, चिठ्ठीशिवाय घालत होते. लाली झटकन जायची. त्यात स्टेरॉइड होतं. डोळ्यातला दाब वाढला आणि कडेची नजर थोडी गेली, ती परत येत नाही. ते आधी थेंब घ्यायला लागले ते फक्त चुरचुरण्यासाठी. कृपा करून बाटलीवर काय लिहिलं आहे ते वाचा.

रत्नागिरी

वय ५८. माझ्या डोळ्यांत खुपायचं, तेव्हा मी शेक, गार घड्या सगळं केलं. थोडं बरं, पुन्हा तेच. सोबत तोंडही कोरडं पडायचं. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसे, पण त्याचा डोळ्यांशी संबंध असेल असं मनात आलं नाही. बोटांचे सांधे सकाळी आखडायचे, ते वयाच्या खात्यात टाकले. सुनेने एके दिवशी तिन्ही गोष्टी एका कागदावर लिहिल्या आणि डॉक्टरांसमोर ठेवल्या. रक्त तपासलं, शोग्रेन नावाचा आजार निघाला. शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. बायकांमध्ये जास्त होतो. आता संधिवाताच्या डॉक्टरांकडे औषध चालू आहे, आणि डोळ्यांसाठी टिकवणारं द्रव्य नसलेले, एकदा वापरून टाकायचे थेंब.

शेक मी सोडलेला नाही. पण तुमच्यापैकी कुणाला डोळ्यांसोबत तोंडही कोरडं वाटत असेल तर माझ्यासारखी चार वर्षं घालवू नका.

पुणे, धागा काढणारी

काकू, आजच माझ्या मोठ्या बहिणीला तुमचं वाचून दाखवलं. ती जेवताना पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन बसते आणि तिचेही डोळे चुरचुरतात. सोमवारची वेळ घेतली आहे. काय निघतं ते इथेच लिहीन.