हळदीकुंकवाच्या पाटीवर 'मॉकटेल' लिहू की आणखी काही?

गोदाकाठची
येत्या शुक्रवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. आंब्याची डाळ आणि पन्हं आहेच, पण यंदा लेकीने जोडीला फुलांचं काहीतरी करायचं ठरवलंय. ग्लासात तळाशी गुलाबाचा पाक, वर बर्फ, मग सोडा, आणि सगळ्यात वर चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडलेलं गोकर्णाचं निळं पाणी. पाक साखरेने जड असल्यामुळे खालीच बसतो, निळं वर राहतं. प्यायच्या वेळी लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं. काल दोन ग्लास करून बघितले, खरंच छान लागतं.

घोडं अडलंय ते पाटीवर. तिने लिहिलं 'फ्लोरल मॉकटेल'. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "गौरीपुढे दारू?" मी म्हटलं, अहो आई, दारू नाही, खोटी आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "मग खोटी तरी कशाला?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी दोन अडचणी. बायकांना द्यायच्या कृतीच्या कागदावर 'रिफ्रेशिंग'ला मी 'ताजेतवाने करणारे' लिहिलं, तर लेक म्हणते हे साबणाच्या जाहिरातीसारखं झालं. (झालंय.) आणि पाकळ्या 'मडल' करायच्या, तिथे मी 'कुस्कराव्यात' लिहिलं, तर सासूबाई म्हणतात, "पाकळ्या कुणी कुस्करतं का?" मग काय करतात?

टिचकी
सरबत. धागा बंद करा.

कारंजावाला
टिचकी, सरबतच, पण ताईंच्या सासूबाईंना त्याचं मूळ सांगू नका. अरबीत श-र-ब म्हणजे पिणे. त्याच धातूतून शरबत आणि त्याच धातूतून शराब. सख्ख्या बहिणी. एक मराठीत येऊन 'सरबत' झाली आणि हळदीकुंकवाला बसली, दुसरी गुत्त्यात गेली. इंग्रजांचं 'सिरप'ही ह्याच घरातलं, म्हणजे तळाशी जो पाक आहे तोही नात्यातलाच निघाला.

शुद्धमती
आपण 'फुलांचे' म्हणायलाही लाजतो आणि 'फ्लोरल' म्हणतो, हीच खरी अडचण आहे. मराठीत 'पानक' हा जुना, सुंदर शब्द आहे. पुष्पपानक म्हणा. भगूर आपल्याच जिल्ह्यातलं. तिथे जन्मलेल्या सावरकरांनी महापौर, दिग्दर्शक, दिनांक असे शब्द दिले, तेव्हाही लोक हसलेच होते. आज महापौर म्हणताना कुणी हसतं का?

टिचकी
महापौरावर हसतात, पण कारणं वेगळी असतात.

कारंजावाला
शुद्धमती, दिनांक फॉर्मवर राहिला. तोंडात तारीखच. "आज दिनांक काय?" असं विचारणारा एक माणूस रविवार कारंजावर दाखवा, मी मिसळ देतो.

निफाडचा सतीश
नाशकात राहून बिनदारूच्या पेयाला नाव शोधताय, कमाल आहे. आमच्याकडे द्राक्षाला जे करतात त्यालाच आधी मराठी नाव सापडेना. 'वाईन'च म्हणतो आम्ही, 'द्राक्षमद्य' फक्त भाषणात.

वैद्यकाकू
कृपा करून कुणी 'पुष्पासव' सुचवू नका, कारण पुढचं पोस्ट तेच असणार. आसव म्हणजे आंबवलेलं. द्राक्षासव, कुमारी आसव यांत आंबताना आपोआप मद्यांश तयार होतो. म्हणजे मॉकटेलला आसव म्हणणं म्हणजे सासूबाईंचा संशय खरा करणं. 'अर्क'ही नको, तो भट्टीवर ऊर्ध्वपातनाने काढतात.

पण तुमच्या लेकीने जे केलंय त्याला शार्ङ्गधरात, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, नेमके शब्द आहेत. गरम पाण्यात फूल टाकून, चोळून, गाळून घेतलं तर तो 'फांट'. एक भाग द्रव्य, चार भाग पाणी. गार पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळलं तर 'हिम', त्याला सहा भाग पाणी. गोकर्णाचा होतो तो फांट. गुलाबाच्या पाकळ्या रात्रभर भिजवल्यात तर तो हिम. आपल्याकडे प्रत्येक प्रकाराला शब्द होता हो, आपणच सगळ्याला 'काढा' म्हणून मोकळे झालो.

गोदाकाठची
काकू, 'गोकर्ण फांट' असं पाटीवर लिहिलं तर बायका नाक दाबून पितील.

वैद्यकाकू
ते खरं आहे.

टिचकी
(पुष्पासव सुचवणारच होतो. पोस्ट पुसलं.)

पेठवरून
आमच्या भागात, म्हणजे पेठ-सुरगाण्याकडे, 'फुलांचं' पेय म्हटलं की एकच फूल डोळ्यापुढे येतं, मोहाचं. आणि ते मॉक नसतं. तेव्हा 'फुलांचं पेय' एवढंच लिहून ठेवू नका, आमच्याकडचे पाहुणे आले तर दोन ग्लासांनंतर तक्रार करतील. गंमत सोडा, मोहाची फुलं सुकवून भाजून खातात, पिठात घालतात, लहानपणी आम्ही ती पहाटे वेचायला जायचो. पण शहरात त्या झाडाचं नाव काढलं की लोक डोळा मारतात. बाकीच्या बिचाऱ्या फुलांवर मात्र कुणी संशय घेत नाही.

शुद्धमती
पानकाकडे परत या. 'पन्हे' हा शब्दच 'पानक' वरून आलाय. म्हणजे मुळात पन्हं म्हणजे कुठलंही गोड-आंबट पेय. आमच्या आजोळी चिंचेचं पन्हं व्हायचं. मग फुलांचं पन्हं का नको?

निफाडचा सतीश
पन्हं कैरीचंच. चिंचेचं असेल तर ते चिंचेचं सरबत. उगाच काहीही पन्हं नका करू.

शुद्धमती
माझी आजी १९२० च्या सुमाराची, तिला पन्हं कशाला म्हणायचं हे निफाडहून शिकायची गरज नव्हती.

कारंजावाला
मध्येच एक. पन्हं, पन्हा, पान्हा हे तिन्ही वेगळे बरं का. पन्हं पानकाचं. कापडाचा पन्हा म्हणजे रुंदी, तो फारसीतून आलेला. आणि आईला फुटतो तो पान्हा 'प्रस्नव' वरून. एकदा एका मासिकात 'मातेला पन्हा फुटला' असं छापलेलं वाचलं होतं. बाईंच्या साडीची रुंदी वाढली असावी.

जुनी पंचवटी
ह्या सगळ्यात कुणालाच आठवू नये की आपल्या गावाचं मोगलाईतलं नाव गुलशनाबाद होतं? गुलशन म्हणजे फुलबाग. फुलांच्या पेयाला नाव ह्याच गावातल्या माणसांना सुचत नाही, म्हणजे पेशव्यांनी परत नाशिक केलं ते बरंच झालं म्हणायचं.

आणि 'गुलाब' बघा. फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. तिकडे गुलाब म्हणजे गुलाबपाणीच. आपण फुलालाच गुलाब केलं आणि मग पाण्याला म्हणायला 'गुलाबपाणी' काढलं. म्हणजे फूल-पाणी-पाणी. गुलकंदातला कंद म्हणजे साखर, तो फारसीतला 'कंद' संस्कृत 'खंड' वरून गेलेला. आपलीच खडीसाखर इराणला जाऊन गुलाब घेऊन परत आली. शुद्धमती, हिला स्वकीय धरणार की परकीय?

कारंजावाला
नाना, तुम्ही गुलाबाचं निम्मंच सांगितलंत. फारसी गुलाब अरबीत गेला, तिथे 'ग' चा 'ज' झाला, 'जुलाब'. म्हणजे आधी गुलाबपाण्याचं गोड पेय. तेच औषधाचं अनुपान झालं, मग पोट साफ करायचं औषध झालं, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत… तुम्हाला माहीतच आहे. तोच शब्द युरोपात गेला आणि 'जुलेप' झाला. अमेरिकेतलं मिंट जुलेप, पुदिन्याचं नावाजलेलं कॉकटेल, त्याचं नाव आणि आपलं जुलाब एकाच गुलाबाच्या ताटव्यातले.

ताई, पाटीवर 'गुलाबाचं जुलेप' लिहा. मूळ अर्थ अगदी बरोबर बसतो.

गोदाकाठची
आणि कुणाला दुसऱ्या दिवशी पोटात कळ आली तर व्युत्पत्ती तुम्ही येऊन समजवा.

दिंडोरीचा
शब्द राहू द्या, एक कामाचं सांगतो. आमचं पॉलिहाऊस आहे गुलाबाचं. बुकेतले लांब दांडीचे गुलाब पाकाला घेऊ नका. वास नसतो, आणि त्यावर आम्हीच फवारलेलं असतं. गावठी गुलाब घ्या, फिका गुलाबी, विस्कटलेला, दुपारी पाकळी गळणारा. कुणाच्या अंगणात असेल तर उत्तम. आणि सजावटीला मुलं कण्हेरीची फुलं टाकतील, दिसायला छान असतात म्हणून, तेवढं बघा. कण्हेर विषारी आहे.

मधुराणी
मूळ प्रश्नावर. 'मॉक फाइट'ला आपण लुटुपुटूची लढाई म्हणतो. मग हे लुटुपुटूचं कॉकटेल! मला तर आवडलं.

टिचकी
कॉकटेलचं काय करणार? कोंबड्याचं शेपूट? 'लुटुपुटूचं कोंबडशेपूट'. गौरीपुढे.

कारंजावाला
कोंबड्याच्या शेपटाची गोष्ट सगळेच सांगतात, कुणी शेपूट कापलेल्या घोड्याचीही सांगतं. छापील व्याख्या मात्र १८०६ सालची आहे, अमेरिकेत हडसन नावाच्या गावच्या वर्तमानपत्रातली. दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. त्यातून दारू काढली की उरतं साखर, पाणी आणि कडू. म्हणजे थोडक्यात वैद्यकाकूंचं औषध.

मधुराणी
आणि 'रिफ्रेशिंग'? तजेला चेहऱ्यावर येतो, तरतरी चहाने येते. माझी आजी उन्हातून आल्यावर पाणी प्यायली की म्हणायची, "आता जरा हुशारी वाटली." आज कुणाला हुशारी वाटली म्हटलं तर त्याला स्वतःबद्दल गैरसमज झालाय असं वाटेल.

पेठवरून
'फ्रेश'चं तर आपण वाटोळंच केलंय. "फ्रेश होऊन या" म्हणजे हातपाय धुऊन या. त्या न्यायाने 'फ्रेश करणारं पेय' म्हणजे नळाचं पाणी.

खलबत्ता
मी फक्त 'मडल' साठी आलोय, कारण वरती एकाही माणसाने त्याला हात लावलेला नाही आणि तोच एकमेव गंभीर प्रश्न आहे.

सासूबाईंचं बरोबर आहे. कुस्करायला मुळात वस्तू मऊ लागते, शिजलेली, पिकलेली. केळं कुस्करतात, उकडलेला बटाटा कुस्करतात, दुधात भाकरी कुस्करतात. कुस्करल्यावर तिचा आकार राहत नाही आणि राहावा अशी इच्छाही नसते. ठेचायचं आलं, मिरची, लसूण, तिथे दगड लागतो आणि आवाज होतो. चेचण्यात थोडा राग असतो. चुरगाळायचा कागद किंवा इस्त्रीचा कपडा, घडी जाते, वस्तू राहते. आणि चुरडायचा पुदिना. तळहातावर घ्यायचा, दुसऱ्या तळहाताने एकदाच फिरवायचा, आणि लगेच नाकाशी न्यायचा. पान फाटत नाही, वास सुटतो. दारू मिसळणारे त्या लाकडी दांड्याने ग्लासात जे करतात ते नेमकं हेच. म्हणून 'मडल' म्हणजे चुरडणे.

निफाडचा सतीश
चुरडतात पायाखाली. फूल चुरडलं म्हणजे वाया गेलं. पुदिना 'चोळतात'.

खलबत्ता
चोळतात ते मीठ. जखमेवर.

जुनी पंचवटी
तुम्ही दोघं तंबाखू खात नाही असं दिसतं. तळहातावर ठेवून अंगठ्याने जे करतात त्याला 'मळणे' म्हणतात, आणि ते तुम्ही वर्णन केलेल्या क्रियेच्या सगळ्यात जवळ आहे.

शुद्धमती
चैत्रगौरीच्या धाग्यात आता तंबाखू आली.

टिचकी
दारू, मोह, जुलाब आणि तंबाखू. कृतीचा कागद वाचनीय होणार.

वैद्यकाकू
संस्कृतात ह्याला मर्दन—

खलबत्ता
काकू, नको. पाकळ्यांचं मर्दन नको.

गोदाकाठची
झालं हळदीकुंकू. पाटीचं सांगते. लेकीने शेवटी वैतागून कागदावर काहीच लिहिलं नाही, एक गोकर्णाचं फूल चिकटवलं आणि ट्रेसमोर उभं केलं. बायका आल्या, "निळं दे गं एक" म्हणाल्या आणि प्यायल्या. लिंबू पिळायला प्रत्येकीने मागून घेतलं, रंग बदललेला बघायला. एका काकूंनी दोनदा पिळलं, मग आंबट झालं म्हणून पाक वाढवून घेतला. सगळं संपल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, हळूच विचारलं, "ते निळं पन्हं उरलंय का?"

शुद्धमती
निळं पन्हं! मी म्हटलं नव्हतं?

निफाडचा सतीश
सासूबाईंबद्दल आदर आहे, पण पन्हं कैरीचंच.

मधुराणी
ताई, प्रमाण द्या ना. आमच्याकडे पुढच्या मंगळवारी आहे.

गोदाकाठची
गावठी गुलाबाच्या पाकळ्या २ वाट्या, साखर १ वाटी. पाकळ्यांचा बुडाकडचा पांढरा भाग कात्रीने काढा, नाहीतर कडवट होतं. साखर घालून हाताने पाणी सुटेपर्यंत दामटा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी अर्धी वाटी पाणी घालून एक उकळी द्या, गाळा. गार झाल्यावर अर्धं लिंबू, त्याने रंग खुलतो. गोकर्णाची १०-१२ फुलं, हिरवं देठ काढून, १ कप उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. ग्लासाला पाक २ चमचे. सोडा आम्ही कोपऱ्यावरच्या गोटीवाल्याकडून आणला, बाटल्या परत द्यायच्या बोलीवर. वरून भिजवलेला सब्जा.

खलबत्ता
'दामटा'?? दामटतात भाकरी!

गोदाकाठची
सासूबाईंचा शब्द आहे. त्यांनीच केलं.

पेठवरून
सब्जा म्हणजे तुळशीचंच बी ना? आमच्याकडे एक जण त्याला तुकमराई म्हणतो आणि भांडतो.

कारंजावाला
तुकमराई! तुख्म म्हणजे फारसीत बी. थांबा, जेवून येतो, हे सविस्तर लिहायला लागेल.