मदत हवी आहे: मिश्र दुहेरी खेळलेल्यांना एक प्रश्न

कादंबरी लिहितेय, एका प्रसंगावर अडकलेय. नायिका बॅडमिंटनपटू, नवराच तिचा मिश्र दुहेरीतला जोडीदार. तो गेल्यावर दोन वर्षांनी ती नव्या जोडीदाराबरोबर कोर्टवर उतरते. पुढे दोघांचं जुळणार आहे, पण मला घाई नाही.

पहिल्याच सामन्यात मधोमध आलेलं शटल ती सोडून देते, कारण मागून ते 'तो' घ्यायचा. शटल जमिनीवर पडतं. नवा जोडीदार काही न बोलता ते रॅकेटने उचलून देतो. इथवर जमलंय.

पुढे ११ गुणांवरच्या ६० सेकंदांच्या विश्रांतीत त्याला भावनिक संवाद देऊन पाहिले. तीनही खर्डे मालिकेतले वाटले. गप्प ठेवला तर माणूस कोरडा वाटतो. प्रशिक्षकाला मध्ये आणायचं नाहीये, आणि नव्या जोडीदाराला तिच्या नवऱ्याबद्दल सगळं ठाऊक आहे.

प्रेमकथा कशी लिहावी हे नकोय, ते माझं मी बघेन. खेळलेल्यांनी एवढंच सांगा: जोडीदार असा हरवलेला दिसला की त्या मिनिटभरात तुम्ही खरोखर काय बोलता? पुढचं मधलं शटल कुणाचं, हे ठरवता की तसंच सोडता?