सप्ताहासाठी इक्यू लावला, आता सगळा आवाज पत्र्यासारखा येतोय

भजनी_सातारा
राम कृष्ण हरी मंडळी. आमच्या मंदिराचा सभामंडप साधारण ४० बाय ६० फूट, वर पत्रा, खाली फरशी. सप्ताह जवळ आलाय म्हणून मंडळाने जुनी सिस्टीम घेतली, १५ इंची दोन टॉप (मधले-वरचे सूर काढणारे स्पीकर), १८ इंची दोन बेस, ॲम्प, १२ चॅनलचा मिक्सर आणि ३१ बँडचा ग्राफिक इक्यू (आवाजातला प्रत्येक सुरांचा पट्टा म्हणजे बँड वेगळा कमी-जास्त करायचे दांडे). मी बघून बघून शिकलेला माणूस. पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला, तपासणीचा खरखर आवाज) लावला, मोबाईलच्या ॲपवर ग्राफ बघत बघत तीन तास बसून रेघ सरळ केली, त्यात ६३, ८०, १०० हर्ट्झचे खालचे बँड पार +९ ला गेले आणि ८ के (८००० हर्ट्झ) च्या पुढचे पण वर. आता महाराजांचा आवाज कर्कश येतो, माईक सारखा कुई करतो, आणि पखवाजाची कणकेची बाजू मध्ये बसलेल्यांना ऐकूच येत नाही, भिंतीपाशी उभं राहिलं तर मात्र छातीत बसते. बेसच्या ॲम्पचा लाल दिवा पण लागतो. काय चुकलं?

मिक्सरमागचा
आधी ग्राफिकचे सगळे दांडे शून्यावर आणा. राग नका मानू, तीन तास वाया गेलेत, पण सगळ्यांचे एकदा जातातच.

मोबाईलचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालचा बेस त्याला नीट कळत नाही, म्हणून ॲप बेस कमी दाखवतं आणि आपण वर ढकलत बसतो. दुसरं म्हणजे मंडपात लांब बसून ग्राफ सरळ दिसला तर कानाला तो टोचणारच, वरचे सूर अंतराने थोडे उतरलेलेच चांगले लागतात. आणि रिकाम्या मंडपात लावलेला इक्यू माणसं बसली की बदलतो, अंगावरचे कपडे ट्रेबल खातात. तिसरं, एकाच जागी मोजू नका, चार पावलं सरकलात की ग्राफ वेगळा. पत्र्यावरून आपटून येणारा आवाज इक्यूने जात नाही, टॉप थोडे खाली वाकवून माणसांकडे तोंड करा, फरक तिथेच पडेल.

कुईसाठी: सप्ताहात जितके माईक चालू राहणार तितके चालू ठेवून मेन हळूहळू वर न्या, पहिली शिट्टी आली की तो बँड ३ डीबी (आवाजाचं माप) खाली. ओळखायचं कसं तर तोंडाने काढून बघा, ‘हूं’ आला तर २५०च्या आसपास, ‘ओ’ म्हणजे ५००, ‘आ’ म्हणजे १ के, ‘ई’ असेल तर २ के च्या वर. चार-पाच बँड झाले की थांबा, जास्त कापलं तर आवाजच मरतो. माईक किती लावता? दुप्पट माईक उघडले की कुई येण्याआधीचे ३ डीबी हातचे जातात, एकाचे आठ केलेत तर ९ गेले, त्यामुळे टाळकऱ्यांसमोर माईक लावूच नका, ते तसेही सगळ्यांत येतात. मॉनिटर (गाणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) माईकच्या शेपटीकडे ठेवा, साध्या कार्डिऑइडला (समोरचं जास्त घेणाऱ्या माईकला) मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं.

बेस_वाला_कोल्हापूर
वरचं सगळं बरोबर पण मध्ये बेस नाही आणि भिंतीपाशी आहे हे वाचून मला वेगळाच संशय येतोय. दोन्ही बेस डावी-उजवीकडे असतील तर मध्येच सगळ्यात जास्त धूम यायला हवा, तुमचं बरोब्बर उलटं आहे. एका बेसची वायर उलटी असणार, एक कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) पुढे येतोय तेव्हा दुसरा मागे जातोय, मध्ये दोघं एकमेकांना खातात. ते इक्यूने कितीही वर केलं तरी खातच राहणार, फक्त ॲम्प लाल होईल. केबल ॲम्पकडून काढा, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी क्षणभर प्लस-मायनसला टेकवा, दोन्ही कोन एकाच बाजूला हलले पाहिजेत. नुसती टेकवायची, धरून ठेवायची नाही.

भजनी_सातारा
दादा पाया पडतो. काल रात्री टॉर्च मारून बघितलं, उजवा कोन आत गेला!! स्पीकॉनचा (स्पीकरच्या केबलचा) प्लग उघडला तर आत दोन्ही वायरी अदलाबदल, आधीच्या मालकाने कधीतरी जोड दिलेला, त्यावर चिकटपट्टी पण. सरळ केल्या, ग्राफिक शून्यावर ठेवला, आणि पोराने पखवाजावर थाप मारली तर पार मागच्या खांबाला टेकून बसलेले आमचे आजोबा उठून उभे राहिले. टॉप वाकवले. शिट्टीला ३१५ आणि अडीच के दोनच बँड कापावे लागले. हार्मोनियमचा आवाज अजून कोंडलेला वाटतोय, तिथे काय करू?

मिक्सरमागचा
वा! हार्मोनियमला ग्राफिक नाही, त्याच्या चॅनलवरच करा, लो कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबा आणि २५० च्या आसपास थोडं कमी करा. माईक भात्याच्या बाजूने काढून पट्ट्यांच्या वर एक वीतभर अंतरावर आणा, निम्मं काम तिथेच होईल. आणि आता तो ग्राफिक कोणाच्या हाताला लागू नये म्हणून त्यावर काहीतरी झाकण लावा, सप्ताहात प्रत्येक पाहुणा साउंडवाला असतो 😄