नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायचाय, आत्ताच १७४ व्होल्ट (सोसायटीचा सदस्य ग्रुप, नागपूर)

[रात्री १०:४१] उके मॅडम ३०४: आज परत तेच. एसी लावला की बाहेरचं युनिट घूं घूं करतं आणि टक् करून बंद. इन्व्हर्टरवर १७४ दाखवून राहिलं. आईंच्या दम्याचं सगळ्यांना माहीत आहे. कोणी काही करणार की दरवर्षी मीच ओरडू?

[१०:४३] देशमुख काकू २०२: कूलर लाव गं. आम्ही यंदा वाळा भरला, पहाटे पांघरूण लागतं.

[१०:४४] उके मॅडम ३०४: काकू, कूलरनं दमट होतं, डॉक्टर नाही म्हणाले. मागच्या मे महिन्यातही हेच सांगितलं होतं तुम्हाला.

[१०:४४] देशमुख काकू २०२: बरं बाई 🙏

[१०:४६] लांजेवार काका १०२: सर्व सभासदांस नमस्कार. फेब्रुवारीच्या सभेत ठरल्याप्रमाणे लोड वाढवून मिळण्याचा अर्ज वीज कंपनीकडे दिला का? हो किंवा नाही, एवढेच उत्तर अपेक्षित.

[१०:४७] बोबडे ३०३: माझ्याकडे मस्त चालू आहे. इन्व्हर्टर एसी, स्टॅबिलायझरची गरजच नाही. १४५ पर्यंत चालतो.

[१०:४८] उके मॅडम ३०४: हो ना. तुमचा चालू झाला की आमचा बंद पडतो.

[१०:४८] बोबडे ३०३: मॅडम, माझं बिल मीच भरतो.

[१०:४९] उके मॅडम ३०४: एसीचं भरता. स्कूटर कोणाच्या मीटरवर चार्ज होते ते पण सांगा ना ग्रुपवर.

[१०:४९] बोबडे ३०३: त्याचे महिन्याला पैसे देतो मी. सेक्रेटरींना विचारा.

[१०:५०] सेक्रेटरी वानखेडे: हा विषय आत्ता नको, प्लीज.

[१०:५१] लांजेवार काका १०२: अर्ज दिला का? हो किंवा नाही.

[१०:५२] उके मॅडम ३०४: आमचा स्टॅबिलायझर मागच्या वर्षी जळला. चार केव्हीएचा नवा घेऊ का? दीड टनाचा एसी आहे, साधा, जुना.

[१०:५४] रोहित ४०१: मॅडम, आत्ता घेऊ नका आणि एसी परत परत लावू नका. साध्या कॉम्प्रेसरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबानं कमी होतो. २३० ऐवजी १७४ म्हणजे सुरू होताना जोर ५७ टक्केच. तो फिरतच नाही, जाम मोटरसारखा करंट ओढतो, मग आतला ओव्हरलोड स्विच त्याला बंद पाडतो. सारखं असं झालं तर वाइंडिंग जाईल. बंद केल्यावर निदान तीन मिनिटं थांबायचं, गॅसचं प्रेशर बसू द्यायचं.
आणि स्टॅबिलायझर १७४ चे २२० करतो ते हवेतून नाही करत, लाईनमधून तेवढे जास्त अँपिअर ओढतो. तुम्हाला बरं वाटतं, शेजारच्याचं आणखी खाली जातं. बोबडे साहेब, तुमच्या इन्व्हर्टर एसीचंही तेच.

[१०:५५] बोबडे ३०३: म्हणजे शेवटी माझ्यावरच आलं.

[१०:५६] प्रणय ४०२: १७४?? आमच्याकडे २४८ आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी डबा घेऊन या 😄

[१०:५६] रोहित ४०१: एक मिनिट. खरंच २४८? फोटो टाक.

[१०:५७] प्रणय ४०२: गंमत नाही बावा, आमच्या इन्व्हर्टरवर दिसून राहिलं. दिवेही आज लखलखीत.

[१०:५७] रोहित ४०१: खाली मीटर रूममध्ये चाललो. वानखेडे काका, चावी घेऊन या.

[१०:५९] देशमुख काकू २०२: रोहित, चप्पल घालून जा रे. तिथं पाली असतात.

[११:०२] लांजेवार काका १०२: अद्याप उत्तर नाही. फेब्रुवारीत ठरले होते. अर्ज दिला का?

[११:११] रोहित ४०१: पॅनलवर तिन्ही फेज मोजल्या. आर १७१, वाय २२६, बी २४८. नियमानं २३० च्या सहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे २१६ ते २४४. नुसता आर वर लोड जास्त असता तर आर पडला असता, पण बी असा चढला नसता. न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची परतीची सामाईक तार, ढिला आहे. त्याचा लग (केबलच्या टोकाचा जोड) काळा पडलाय, केबलचं पीव्हीसी वितळून पापुद्रे निघालेत, जळका वास येतोय. कोणी हात लावू नका.
न्यूट्रल पूर्ण सुटला तर बी वाल्यांकडे ३०० च्या वर जाईल. प्रणय, टीव्ही, फ्रीज, सगळे प्लग आत्ता काढ.

[११:१२] प्रणय ४०२: काढले. फ्रीजमध्ये आमरस आहे पण 😐

[११:१३] देशमुख काकू २०२: आमच्याकडे आणून ठेव. आमची कोणती फेज?

[११:१३] रोहित ४०१: वाय.

[११:१४] देशमुख काकू २०२: मग आण.

[११:१५] उके मॅडम ३०४: दिवाळीत वाय गेली तेव्हा आमचा अख्खा मजला आर वर टाकला होता ना, "दोन दिवसांसाठी"? किती दिवस झाले?

[११:१६] सेक्रेटरी वानखेडे: तेव्हा सगळेच म्हणत होते काही करा पण लाईट आणा. वीज कंपनीच्या १९१२ वर तक्रार नोंदवली आहे. दुरुस्तीची गँग येतेय म्हणाले. तोपर्यंत मेन पाडतो.

[११:१७] बोबडे ३०३: मेन काहून? ४४ डिग्री होतं आज. लहान पोरं आहेत घरात.

[११:१८] रोहित ४०१: साहेब, रात्री झोपेत न्यूट्रल सुटला तर तुमच्या एसीचं कार्डही जाईल. वॉरंटीत व्होल्टेजचं ऐकत नाहीत.

[११:१९] बोबडे ३०३: पाडा.

[११:२०] उके मॅडम ३०४: आमच्या इन्व्हर्टरवर पंखा चालेल, आई हॉलमध्ये झोपतील. पाडा.

[११:२२] लांजेवार काका १०२: मेन पाडणे ठीक. अर्जाचे काय?

[११:२४] सेक्रेटरी वानखेडे: नाही. अर्ज दिला नाही. प्रत्येक फ्लॅटचा मंजूर लोड दोन किलोवॅट आहे, एसी दोन-दोन लागलेत. प्रत्येकाला आपापल्या मीटरचा लोड वाढवून घ्यावा लागतो, खर्च वाढेल म्हणून सात जणांनी सह्या दिल्या नाहीत. त्यात १०२ पण आहे.

[११:२६] लांजेवार काका १०२: माझ्याकडे एसी नाही. मी लोड का वाढवावा?

[११:२६] प्रणय ४०२: 🍿

[रात्री १:०८] सेक्रेटरी वानखेडे: गँग येऊन गेली. लग कापून नवा बसवला, केबलचं टोक घासून घेतलं. लाईट चालू केले आहेत.

[१:१०] रोहित ४०१: आत्ता आर २१५, वाय २२४, बी २३१. आर अजून जरा कमी आहे, लोड तिथंच जास्त आहे म्हणून. तिसऱ्या मजल्यावरचे दोन फ्लॅट वाय वर घ्यावे लागतील. उके मॅडम, आता लावून पाहा.

[१:१६] उके मॅडम ३०४: चालू झाला. थँक्यू रोहित. वानखेडे काका, तुम्हाला पण.

[१:१७] बोबडे ३०३: वाय वर कोणते दोन?

[१:१८] रोहित ४०१: ३०३ आणि ३०१.

[१:१८] बोबडे ३०३: मलाच का? माझ्याकडे तर काही प्रॉब्लेम नव्हता.

[१:१९] रोहित ४०१: म्हणूनच साहेब. सगळ्यात जास्त अँपिअर तुमचेच आहेत.

[सकाळी ६:३०] लांजेवार काका १०२: सुप्रभात. कालच्या खर्चाचा तपशील ग्रुपवर टाकावा.

[६:५२] सेक्रेटरी वानखेडे: खर्च शून्य, कंपनीनं केलं. रविवारी सकाळी ७ ते ९ फेज बदलायचं काम, आपला वायरमन येईल. लिफ्ट आणि पंप बंद राहतील, पाणी भरून ठेवा.

[६:५५] देशमुख काकू २०२: रविवारी माझ्या कुरडया आहेत गच्चीवर. चीक घेऊन चार जिने चढू का मी? ९ नंतर ठेवा.

[६:५६] प्रणय ४०२: काकू, आमरस परत पाहिजे. उरला असेल तर.