आईच्या दुखण्यासाठी विजया तेल मागवलं तर कायद्यात बसतं का?

कृष्णाकाठचा
आईची केमो चालू आहे, अंगदुखीने रात्र रात्र झोप नाही तिला. मावसभावाने एका साइटची लिंक पाठवली, तिथे हेम्प सीड ऑइल (भांगेच्या बियांचं तेल) पण आहे आणि विजयाचं तेल पण, किमतीत केवढातरी फरक. आम्ही सांगलीत राहतो, कुरिअर पकडलं तर केस होईल अशी बाबांना धास्ती. काय करावं?

वैद्य_मंजिरी
दादा, दोन्ही तेलं पूर्ण वेगळी आहेत. बियांचं तेल म्हणजे खायचं तेल, एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर 2021 मध्ये त्याला अन्न म्हणून मान्यता दिली, त्यात टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) किलोला 10 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. दुखणं थांबेल म्हणून कोणी ते विकत असेल तर पैसे घालवू नका. विजया म्हणजे भांगेची पानं, ते आयुर्वेदिक औषध, शेड्यूल ई-1 मधलं (औषध नियमांतली विषारी द्रव्यांची यादी), त्यामुळे लेबलवर आयुष लायसन्स नंबर आणि 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना हवीच. नसेल तर हात लावू नका.

कोर्टाची_पायरी
एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात, गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, म्हणून भांगेचं काय करायचं ते राज्यांवर आलं. यूपीत सरकारी लायसन्सची भांगेची दुकानं आहेत, आपल्याकडे मात्र 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि भांग त्याच्या कक्षेत येते, त्यामुळे तिकडे चालतं म्हणजे इकडे चालेल असं धरू नका. वैद्यांची चिठ्ठी आणि आईंच्या नावाचं बिल दोन्ही जपून ठेवा. परदेशातून कोणी सीबीडी (भांगेच्या झाडातला दुसरा एक घटक) असलेल्या चघळायच्या गोळ्या, गमीज, आणतो म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

रेवाची_आई
कायद्याचं बघालच पण आधी केमोच्या डॉक्टरांना विचारा हो. सीबीडीने रक्त पातळ करायच्या वॉरफरिनचा असर वाढतो, माझ्या सासऱ्यांना ती गोळी चालू होती आणि आम्ही कोणाला न विचारता तेल देणार होतो, अजून अंगावर काटा येतो. आणि पेन क्लिनिकमध्ये नेलंत का? एनडीपीएसच्या 2014 च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिनसाठीच्या परवानग्या सोप्या झाल्यात, कॅन्सरच्या दुखण्यावर ते कायदेशीर मिळतं, आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

कृष्णाकाठचा
ताई, मॉर्फिनचं खरंच माहीत नव्हतं. आईला पण एक रक्ताची गोळी आहे, नाव बघून सांगतो. सोमवारी केमोची तारीख आहे, तेव्हा पेन क्लिनिकचं विचारतो, ऑर्डर तोवर थांबवली.