पटावरची संख्या म्हणजे दर्जा नव्हे

पटनोंदणी आणि निकालाची टक्केवारी वाढली म्हणजे विकसनशील देशांतलं शिक्षण सुधारलं, हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. परीक्षा घेणारी, पेपर तपासणारी आणि निकालावर जोखली जाणारी यंत्रणा एकच असेल, तर त्या टक्केवारीवर विसंबायचं कसं?

म्हणूनच भारतात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने २००५ साली सुरू केलेली, मुलांना वाचन-गणित कितपत येतं हे तपासणारी 'असर' पाहणी मला फार मोलाची वाटते. स्वयंसेवक शाळेत नाही, घरी जातात. त्यामुळे एरवी गैरहजर राहणारं, शाळा सोडलेलं मूलही मोजलं जातं. एकेका मुलाला समोर बसवून अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. गणितात हातच्याची वजाबाकी. २०२२ मध्ये ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी जेमतेम २०.५ टक्के निघाली! केनिया, टांझानिया, युगांडातही 'उवेझो' या उपक्रमाने हीच पद्धत उचलली.

यात विज्ञान, इतिहास, स्वतःचं म्हणणं मांडणं यातलं काहीच मोजलं जात नाही, हे खरं. पण ज्याला वाचताच येत नाही, त्याच्या हातात पाचवीचं विज्ञानाचं पुस्तक देऊन काय उपयोग? आधी हे मोजा, आणि दर वेळी त्याच काठिण्यपातळीने मोजा, नाहीतर दोन वर्षांची तुलनाच करता येणार नाही.